स्वमग्न विद्यार्थी वयात येताना : शरीर, एकांत व नकार यांचे शिक्षण

प्राथमिक शाळेच्या वरच्या इयत्तांतून मुले-मुली वयात येऊ लागतात. या काळात शरीरात होणारे बदल आपल्या वर्गातील बहुसंख्य मुले कोणी रीतसर न शिकविताही कसेबसे समजून घेतात. थोरल्या बहिणीचे बोलणे कानी पडते, पाणवठ्यावरची कुजबुज ऐकू येते, सोबती काहीबाही सांगतात, आईच्या एका नजरेवरून ओढणी सावरावयाची हे मुलगी ओळखते. ही शिकवण पुरेशी असते असे नाही. पुष्कळदा ती चुकीचीही असते. तथापि तिच्यावर त्यांचे निभावते. वर्गातील स्वमग्न विद्यार्थ्याचे मात्र निभावत नाही. कारण ही सारी शिकवण सूचक असते आणि सूचक तेवढे त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. या विद्यार्थ्यांस शरीर, एकांत, स्पर्श व नकार यांविषयी काय शिकवावे व कोणत्या रीतीने शिकवावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

स्वमग्नतेचे सविस्तर वर्णन बाल्टिमोर येथील डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांच्या निरीक्षणावरून केले. पुढे काही वर्षे आईच्या मायेच्या अभावी मूल असे होते, असा समज वैद्यकातही रूढ होता. तो आता पूर्णपणे टाकून दिलेला आहे. ही मेंदूच्या घडणीतील जन्मजात भिन्नता होय. तो मानसिक आजार नव्हे, संगोपनातील दोष नव्हे आणि कोणाची नजर लागल्याचा परिणामही नव्हे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ यात दिव्यांगत्वाचे जे २१ प्रकार दिले आहेत त्यांत स्वमग्नतेचा समावेश आहे. तरीही खेड्यातील कित्येक शाळांतून अशा मुलाची नोंद 'हट्टी', 'तंद्रीत असणारा' किंवा 'मुका' एवढ्यावरच थांबते. काही स्वमग्न मुले उत्तम बोलतात व गणितात पुढे असतात; काही मुळीच बोलत नाहीत. कोणास गोंगाट सहन होत नाही, कोणास ओला कपडा सहन होत नाही. हे वैचित्र्य ध्यानी घेऊनच पुढील विवेचन वाचावे.

एक गोष्ट मात्र सर्वांच्या बाबतीत सारखी आहे. मूल बोलो वा न बोलो, त्यास वाचता येवो वा न येवो, त्याचे शरीर वयाप्रमाणेच वाढते. मुलींच्या शरीरातील बदल साधारणपणे ८ ते १३ व मुलांच्या शरीरातील बदल ९ ते १४ या वयात सुरू होतात. 'याला काय कळते, हा तर लहान लेकरासारखा आहे' असे म्हणून पालक व पुष्कळदा आपणही हा विषय बाजूस सारतो. परिणामी ज्यास पूर्वसूचनेची सर्वांत अधिक गरज, त्यालाच ती मिळत नाही. न बोलणाऱ्या मुलास समजत नाही, असे गृहीत धरणे तर सर्वथैव चुकीचे होय.

प्रथम भाषेचा विचार करू. आपल्या भाषेत या विषयावर बोलण्यासाठी आडवळणांची वाण नाही. 'कावळा शिवला', 'न्हाण आले', 'पदर आला', 'ती बाहेरची आहे', 'बाजूला बसली' हे सारे आपणास सहज उमगते. परंतु स्वमग्न मुलगी शब्दाचा अर्थ बहुधा शब्दाप्रमाणेच घेते. 'कावळा शिवला' हे ऐकून ती आकाशाकडे पाहील. कदाचित कावळ्याला घाबरू लागेल. 'बाहेरची' म्हटले तर ती अंगणात जाऊन उभी राहील. मुलांच्या बाबतीत झोपेत होणाऱ्या वीर्यपातास आपण 'स्वप्नदोष' म्हणतो. वस्तुतः त्यात दोष काहीच नाही; परंतु जो मुलगा शब्दावर विसंबतो त्यास आपण काही अपराध केला असे वाटेल, किंवा आपण पुन्हा अंथरुणात लघवी करू लागलो असे वाटून तो भयभीत होईल. यासाठी सरळ शब्द वापरावेत. पाळी, रक्त, योनी, स्तन, शिश्न, वृषण, वीर्य हे शब्द नाक, कान, गुडघा यांच्याच सुरात, त्याच पाठात उच्चारावेत. प्रारंभी आपलीच जीभ अडखळते. दोन-तीन वेळा एकट्याने मोठ्याने म्हणून पाहिल्यास अडखळणे जाते. या शब्दांचा उपयोग केवळ पाठापुरता नाही. मुलास वेदना झाली किंवा कोणी त्यास त्रास दिला, तर डॉक्टरांस वा पोलिसांस नेमके काय ते सांगण्याचे साधन त्याच्यापाशी असावयास हवे. 'तिथे', 'खाली', 'घाण जागा' या शब्दांनी ते काम होत नाही.

दुसरी गोष्ट पूर्वतयारीची. ज्या मुलास वेळापत्रकातील एका तासाची अदलाबदलही अस्वस्थ करते, त्यास स्वतःच्या शरीरातील बदल अकस्मात भेटला तर काय होईल याची कल्पना शिक्षकांस येऊ शकेल. पाळीचे रक्त पाहून अशी मुलगी आपणास जखम झाली असे समजते, कारण आजवर रक्ताचा तोच एक अर्थ तिला शिकविला गेला आहे. म्हणून पाळी येण्यापूर्वी निदान सहा महिने आधीपासून तयारी सुरू करावी. अमेरिकेतील शिक्षिका कॅरोल ग्रे यांनी १९९१ पासून लहान, सत्य व शांत वाक्यांची गोष्ट मुलासमोर रोज वाचण्याची एक पद्धती रूढ केली आहे. तीत आज्ञा थोड्या व वर्णन अधिक असते. त्या धर्तीवर पुढीलप्रमाणे पाठ तयार करता येईल :

"मी मोठी होत आहे. मोठे होताना मुलींच्या शरीरात बदल होतात. एके दिवशी माझ्या योनीतून थोडे रक्त येईल. याला पाळी म्हणतात. हे रक्त जखमेचे नाही. मी आजारी नाही. माझ्या आईलाही पाळी येते. रक्त दिसले की मी आईला किंवा बाईंना सांगेन. त्या मला पॅड देतील. काही दिवसांनी रक्त थांबेल. बहुधा पुढच्या महिन्यात ते पुन्हा येईल. त्यात घाबरण्यासारखे काही नाही."

यातील 'एके दिवशी' आणि 'बहुधा' हे शब्द मुद्दाम योजिले आहेत. 'पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला पाळी येईल' असे सांगितले आणि ती सहा तारखेस आली, तर मुलगी आपल्यावरचा विश्वास गमावते. प्रत्येक ओळीसमोर साधे रेखाचित्र काढावे. बोलू न शकणाऱ्या मुलीसाठी चित्रेच पाठाचे काम करतात.

वाचन हा पाठाचा अर्धाच भाग झाला. उरलेला अर्धा हाताने करावयाचा आहे. आईच्या किंवा शिक्षिकेच्या मदतीने मुलीने कोरडे पॅड आधीच काही वेळ वापरून पाहावे. प्रथम दहा मिनिटे, मग अर्धा तास, मग दोन तास. पॅडचा खरखरीतपणा, चिकटपट्टीचा आवाज, ओलेपणा यांपैकी काहीही तिला असह्य होऊ शकते. अशा वेळी मऊ सुती कापड अधिक मानवेल. मात्र ते स्वच्छ धुऊन उन्हात वाळविलेले असावे. अंतर्वस्त्रावर पॅडच्या आकाराची रेघ दोऱ्याने किंवा शाईने काढून ठेवली, म्हणजे ते कोठे बसवावयाचे हे दरवेळी सांगावे लागत नाही. पॅडवर थोडे लाल पाणी टाकून 'बदलण्याची वेळ' कशी दिसते ते दाखवावे. चार ते सहा तासांनी पॅड बदलणे, कागदात गुंडाळणे, ठरलेल्या डब्यात टाकणे, हात धुणे, कपडे नीट करून मगच दार उघडणे हा क्रम चित्रांनी शौचालयाच्या आतील भिंतीवर लावावा. शाळेत शिकलेला क्रम घरी आपोआप लागू होतो असे या मुलांच्या बाबतीत मानू नये. शाळेच्या शौचालयात, घरच्या न्हाणीत व मामाच्या गावी असा तो तीनदा शिकवावा लागतो.

येथे एका कटू घटनेचा निर्देश करणे आवश्यक आहे. १९९४ साली पुणे जिल्ह्यातील शिरूर येथील शासकीय वसतिगृहातील मतिमंद म्हणून गणलेल्या काही मुलींची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात शस्त्रक्रियेने काढण्यात आली. त्यांना पाळीची स्वच्छता ठेवता येत नाही, हे त्याचे मुख्य कारण सांगण्यात आले. महाराष्ट्रात त्यावर मोठा गदारोळ झाला. त्या मुली स्वमग्न होत्या असे नव्हे. परंतु आजही एखादी थकलेली माता 'पिशवीच काढून टाकावी काय' असे शिक्षिकेस विचारते, तेव्हा प्रश्न तोच असतो. २०१६ च्या उपर्युक्त अधिनियमातील कलम १० प्रमाणे दिव्यांग व्यक्तीच्या स्वतःच्या मुक्त व जाणत्या संमतीवाचून वंध्यत्व आणणारी कोणतीही वैद्यकीय प्रक्रिया करता येत नाही. मातेस रागे भरण्यात अर्थ नाही. गर्भाशय काढल्याने मुलीवर अत्याचार होण्याचा धोका कमी होत नाही, हे तिला समजावून सांगावे आणि रेघ काढलेले अंतर्वस्त्र तिच्या हाती द्यावे. दुसऱ्या उपायाने तिचा पहिला प्रश्न पुष्कळ अंशी सुटतो.

मुलांच्या बाबतीत शिक्षकांची तक्रार बहुधा एकाच गोष्टीविषयी असते. मुलगा वर्गात बसल्या जागी गुप्तांगास हात लावतो. इतर मुले हसतात. शिक्षक छडी उचलतात. प्रथम खाज, जंतुसंसर्ग किंवा घट्ट चड्डी हे कारण तर नाही ना, हे पाहावे व आवश्यक तर आरोग्य केंद्रात दाखवावे. तसे काही नसेल तर ही कृती त्या वयाच्या वाढीचाच भाग होय, असे समजावे. ती पाप नव्हे व तिच्यामुळे अशक्तपणाही येत नाही. जो नियम शिकवावयाचा तो स्थळाचा आहे : 'हे वर्गात नाही. हे एकांताच्या जागी.' हे वाक्य प्रत्येक वेळी त्याच शब्दांत, आवाज न चढविता, शक्य तर चित्र दाखवून सांगावे व लगेच हाताला काम द्यावे. पाट्या वाटणे, फळा पुसणे, काहीही चालेल. मारल्याने मूल कृती थांबवीत नाही. लपविण्यास शिकते किंवा मारणाऱ्याकडे पाहून हसावयास शिकते.

पण एकांताची जागा म्हणजे कोणती? शहरी पुस्तके 'तुझी खोली' असे लिहून मोकळी होतात. ज्या घरात एका खोलीत सहा माणसे निजतात, आंघोळ हातपंपावर होते आणि दाराला कडी नसते, तेथे हा उपदेश कोरडाच राहणार. म्हणून पालकांशी बसून त्या घरातील जागा ठरवावी. बहुधा आडोसा केलेली न्हाणी ही एकच जागा असते. तिच्या दारास पडदा लावला व पडद्यावर एक खूण शिवली, तरी ती 'एकांताची जागा' म्हणून मुलास ओळखता येते. कपडे बदलणे, पॅड बदलणे, अंग चोळून धुणे ही सर्व कामे त्याच एका जागेशी जोडावीत. जागा निश्चित झाल्यावाचून नुसता निषेध शिकविला, तर आपल्या शरीराला जगात कोठेच स्थान नाही एवढाच बोध मुलास होतो.

आता स्पर्शाविषयी. पुष्कळ शाळांतून 'चांगला स्पर्श, वाईट स्पर्श' हा पाठ घेतला जातो. स्वमग्न मुलाच्या बाबतीत त्यात एक अडचण आहे. त्यास आईने तेल लावणेही कधी कधी असह्य वाटते, म्हणजे ते वाईट. आणि दुष्ट हेतूने कोणी हलकेच कुरवाळले तर ते सुखद वाटते, म्हणजे चांगले! मुलाच्या भावनेवर नियम सोपवू नये. माणूस, जागा व कारण यांवर तो बांधावा. शाळेच्या ओट्यावर खडूने एकात एक अशी चार-पाच वर्तुळे आखावीत. मध्यभागी मूल स्वतः. पहिल्या वर्तुळात आई व जी एक-दोन माणसे त्यास आंघोळ घालतात ती. दुसऱ्यात मिठी चालेल अशी माणसे. पुढे हात मिळविण्याची, पुढे नुसत्या नमस्काराची, आणि शेवटी अनोळखी. प्रत्येक वर्तुळात माणसांचे फोटो किंवा नावाच्या चिठ्ठ्या ठेवाव्यात. वर्तुळाबाहेर राहतो तो डॉक्टर : तो तपासण्यासाठी हात लावू शकतो, पण आई किंवा बाई जवळ असतानाच.

या ठिकाणी आपल्या गावची गोड रीत आड येते. खेड्यात दुकानदार काका असतो, पिठाच्या गिरणीवाला मामा असतो, रिक्षावाला दादा असतो. नात्याच्या नावाने हाक मारणे ही आपली संस्कृती खरी. परंतु जे मूल शब्द जसाच्या तसा घेते, त्याच्या लेखी आईचा भाऊ व गिरणीवाला यांत भेद उरत नाही. म्हणून वर्तुळात नात्याऐवजी नाव लिहावे : 'पांडुरंगमामा' पहिल्या वर्तुळाजवळ, 'गिरणीचे मामा' नमस्काराच्या वर्तुळात. त्याचप्रमाणे 'अनोळखी माणसाजवळ जाऊ नको' एवढ्याच उपदेशावर विसंबू नये. मुलांवरील अत्याचारांत अपराधी बहुतांशी ओळखीचा, कित्येकदा घरातलाच असतो. उलट 'कोणालाही अंगास हात लावू द्यावयाचा नाही' असा सरसकट नियम दिला, तर मूल लस टोचणाऱ्या सिस्टरांस ढकलून देईल. नियम थोडे, नेमके व अपवादासह सांगितलेले असावेत.

सहा वर्षांचे मूल पाहुण्यांच्या मांडीवर बसते तेव्हा सर्वांस कौतुक वाटते. चौदाव्या वर्षी तोच मुलगा शेजारणीच्या मांडीवर बसू पाहतो तेव्हा तिचा नवरा काठी घेऊन येतो. मुलाच्या दृष्टीने मधल्या काळात काहीही बदललेले नसते. एकदा जडलेली सवय या मुलांस सहजी सोडता येत नाही. यासाठी वयाच्या अठराव्या वर्षी जे शोभणार नाही ते आठव्या वर्षीच बदलावयास आरंभ करावा. मुलीच्या वेणीला हात लावणे, टक लावून पाहणे, तिच्या मागे घरापर्यंत जाणे यांमागे स्वमग्न मुलाचा हेतू बहुधा मैत्रीचाच असतो. परंतु भय वाटणाऱ्या मुलीस हेतू दिसत नाही. 'तिने नको म्हटले की थांबावयाचे. तिने उत्तर दिले नाही तरी थांबावयाचे' हा नियम त्यास पाठ असावा. मैत्री करू नये असे मात्र शिकवू नये. सोबतीची ओढ या मुलांनाही असते. कशी जुळवावी हे न कळल्याने ती केविलवाणी दिसते, इतकेच.

या सर्वांत अधिक महत्त्वाचा, आणि आपल्या शाळांस सर्वांत अवघड असा पाठ नकाराचा आहे. स्वमग्न मुलास शिकविताना आपले निम्मे श्रम 'सांगितले तसे कर' यावर खर्च होतात. ऊठ म्हटले की उठणारा, बस म्हटले की बसणारा, हात पुढे कर म्हटले की करणारा विद्यार्थी आपणास शहाणा वाटतो. 'मोठ्यांचे ऐकावे' हा नियम त्याने अपवादावाचून आत्मसात केला म्हणजे आपण कृतार्थ होतो. पण हाच मुलगा एखाद्या दुष्ट मनुष्याने 'चड्डी काढ' म्हटले की तीही काढतो. तो आज्ञाधारक आहे व आज्ञा निवडण्याचे शिक्षण त्यास कोणी दिलेले नाही. म्हणून 'नाही' व 'नको' हे शब्द मुद्दाम शिकवावेत, न बोलणाऱ्या मुलास तेच चित्रकार्डावर द्यावेत आणि मुख्य म्हणजे शाळेत रोज दोन-चार वेळा त्याच्या नकाराचा मान राखावा. पोषण आहारातील भाजी नको म्हटले तर ती वाढू नये. गळ्यात हात टाकलेला नको असेल तर काढून घ्यावा. लाल खडू नको असेल तर पांढरा द्यावा. जेथे नकार चालणार नाही, जसे रस्ता ओलांडताना हात धरणे, तेथे कारण सांगावे. ज्याचा नकार भाजीच्या बाबतीत कधी ऐकला गेला नाही, तो अंगास हात लागताना नकार देईल ही अपेक्षा व्यर्थ होय. शौचालयात मदत करणाऱ्यानेही 'आता मी नाडी सोडते आहे' असे आधी सांगून मगच हात लावावा, म्हणजे न सांगता लागणारा हात हा वेगळा आहे हे मुलास उमजते. बोलू न शकणाऱ्या मुलांच्या चित्रकार्डांत भात, पाणी, खेळ एवढीच चित्रे असतात. त्यांत शरीराचे सर्व अवयव, 'दुखते', 'नको' व 'मदत' ही कार्डे अवश्य असावीत.

असे मूल अत्याचाराची वार्ता शब्दांनी क्वचितच देते. नीट शौचास जाणारे मूल पुन्हा कपडे खराब करू लागते, एखाद्या व्यक्तीस किंवा खोलीस पाहून किंचाळते, स्वतःला चावते, झोपत नाही. 'त्याचा स्वभावच तसा' म्हणून हे सोडून देण्याचा मोह होतो. नवा बदल हा नवीच गोष्ट समजून तपासावा. संशय बळावल्यास कायदा स्पष्ट आहे. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ याच्या कलम १९ अन्वये ज्यास माहिती किंवा शंका आहे त्याने ती पोलिसांस कळविलीच पाहिजे. न कळविल्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास होऊ शकतो. अपराधी आपल्या हाताखालचा असता संस्थाप्रमुखाने मौन राखल्यास ही मर्यादा एक वर्षाची आहे. चाइल्डलाइनच्या १०९८ या क्रमांकावरही मदत मिळते. गावकीत बसून प्रकरण मिटविणे हा या कायद्याखाली मार्ग नाही. शिक्षकाने मुलाची उलटतपासणी करू नये. त्याने जे सांगितले, जे कार्ड दाखविले, ते त्याच्याच शब्दांत तारीख-वेळेसह लिहून ठेवावे, त्याचे नाव गावात फुटू देऊ नये. जबाब घेताना दिव्यांग बालकास विशेष शिक्षकाची मदत मिळण्याची तरतूद याच अधिनियमाच्या कलम २६ मध्ये आहे. ती मागून घ्यावी.

पालकांस विश्वासात घेतल्यावाचून यांतील कोणताही पाठ सुरू करू नये. १९२७ पासून र. धों. कर्वे यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिकातून हा विषय मराठीत उघडपणे मांडला. तरी २००७ साली शाळांतील लैंगिक शिक्षणावरून विधिमंडळात वादळ उठून ते राज्यात थांबविण्यात आले, हे शिक्षकांस स्मरत असेल. पालकांची धास्ती खोटी नसते. त्यांना पाठाची चित्रे आधी दाखवावीत, शब्द कोणते वापरणार ते सांगावे. मुलींचा पाठ शिक्षिकेने किंवा आशाताईंनी घ्यावा. 'लग्न करून दिले की सुधारेल' असे कोणी म्हटल्यास, स्वमग्नता लग्नाने जात नाही आणि मुलीचे वय १८ व मुलाचे २१ होण्यापूर्वी विवाह हा कायद्याने गुन्हा आहे, हे शांतपणे सांगावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक तपासणीस येते त्या दिवशी अशा मुलास अवश्य हजर ठेवावे. स्वमग्न मुलांत अपस्माराचे प्रमाण अधिक असते व वयात येताना तो प्रथमच उद्भवू शकतो. झटके किंवा क्षणभर भान हरपणे दिसल्यास पथकास आवर्जून कळवावे.

सातवी-आठवीनंतर मूल दुसऱ्या शाळेत जाते. दाखल्यासोबत, पालकांच्या संमतीने, एक पानभर टिपण नव्या वर्गशिक्षकांच्या हाती द्यावे : कोणते शब्द शिकविले, एकांताची खूण कोणती, नकाराचे कार्ड कसे दिसते, शौचालयात मदत लागते काय व ती कोणी करावी. चित्रकार्डांचा संच मुलाबरोबरच जावा. नव्या शाळेत नवी कार्डे केली, तर पहिले काही महिने ते पुन्हा मुके होते.